तीन रिकाम्या खाचा

१

तीस खाचांचा खण, आणि त्यातल्या तीन खाचा रिकाम्या. मी दोनदा मोजलं. मग कुलूप तपासलं, ते शाबूत होतं. म्हणजे कुणीतरी किल्लीनं खण उघडला होता, तीन काचा उचलल्या होत्या आणि खण पुन्हा नीट बंद केला होता. बुधवारी सकाळचे सव्वानऊ. अजून अंगावर एप्रनही चढवला नव्हता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी टेक्निशियन आहे. एकतीस वर्षं किडनीचे काप काढतेय. सुईनं काढलेला, दोऱ्याएवढा किडनीचा तुकडा माझ्याकडे येतो. तो मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे. डॉक्टर लोक मायक्रोस्कोपला डोळा लावून जे काय विद्वान बोलतात, ते माझ्या हातच्या कापावर. लॅबमध्ये मला ‘सुरी’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण म्हणतात.

आता या काचा कसल्या, ते सांगते. ल्युपस नावाचा आजार आहे. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिथरतात आणि घरच्यांवर उठतात, त्यात किडनीवर फार लवकर. आणि दहा जणींचा ल्युपस दहा तऱ्हांचा. एकीला लागू पडणारी गोळी दुसरीच्या पोटात नुसती जाऊन येते. म्हणून आमच्याकडे एक मोठा अभ्यास चालू होता. किडनीच्या एकेका पेशीत कुठली जनुकं जागी आहेत, लघवीत कुठली प्रथिनं उतरताहेत, रक्तात काय शिजतंय, हे सगळं एकत्र मांडून कॉम्प्युटरवर त्याचं जाळं विणायचं, आणि प्रत्येक बाईच्या आजाराची गाठ नेमकी कुठं बसलीय ते शोधून औषध तिथंच द्यायचं. सिस्टिम्स बायोलॉजी म्हणतात याला. मी आधी हसले होते. मग ते जाळं बघितलं आणि गप्प बसले. चांगली गोष्ट आहे ती, अगदी मनापासून सांगते. म्हणूनच माझा संताप जास्त.

तीस बायका. प्रत्येकीची औषध सुरू होण्याआधी एक बायोप्सी आणि सहा महिन्यांनी दुसरी. तुकड्याचा अर्धा भाग ट्यूबमध्ये घालून जनुकं वाचणाऱ्या यंत्राकडे, अर्धा माझ्याकडे. दुसऱ्या बायोप्सीच्या काचा या खणात. त्यांच्यावर नाव नाही, फक्त खुणेचा आकडा. अभ्यास संपेपर्यंत त्या कुणीही बघायच्या नाहीत. शेवटी बाहेरचे तज्ज्ञ येऊन सगळ्या एकदम बघणार, म्हणजे कुणाचं मत आधीच झुकायला नको. मी रंग नीट चढलाय का, एवढंच बघायचं.

त्या तीस जणींत एक माझी भाची. माझ्या दादाची मुलगी, वय अठ्ठावीस, शाळेत भूमिती शिकवते. दीड महिन्यापूर्वी जाळ्यावरून काढलेला तिचा रिपोर्ट आला: ‘उत्तम प्रतिसाद, किडनी शांत.’ औषधं निम्म्यावर आणली. तेव्हापासून पोरगी सुजत चाललीय. काल घरी गेले तर पाय पुढे करून म्हणते, “आत्या, दाब. खड्डा पडतो बघ. वर्गात पोरांना वर्तुळ काढायला कंपास नको आता.” दादा दुसऱ्या खोलीत तोंड लपवून बसला होता. आणि या शुक्रवारी तिची उरलेली औषधंही बंद व्हायची होती.

म्हणून आज मी नियम मोडायला आले होते. तिच्या दुसऱ्या बायोप्सीच्या दिवशी माझ्याकडे एकच तुकडा आला होता. माझ्या रजिस्टरमध्ये तारखेपुढे खूण होती, सत्तेचाळीस.

खणातली सत्तेचाळीसची खाच रिकामी होती.

२

खणाची दुसरी किल्ली ऑफिसात खिळ्याला असते. तिला हात लावणारी माणसं तीन: मोठे डॉक्टर, वॉर्डातली सिस्टर आणि आमचा गणिती. गणिती म्हणजे जाळं विणणारा. चाळिशीचा, सज्जन, लिफ्टमध्येसुद्धा स्वतःशी पुटपुटणारा माणूस.

मी थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसले.

“डॉक्टर, खणातल्या काही काचा गायब आहेत.”

त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. “सिस्टरला विचारा. त्या तिघींचा घोळ तिनं पहिल्यापासून घातलाय. आधीच्या आणि नंतरच्या ट्यूबवर उलटसुलट लेबलं लावली. आज निलंबनाचं पत्र दिलंय तिला.”

“मी ‘काही काचा’ म्हणाले. तीन म्हणाले नाही.”

आता मान वर झाली. “कुणीतरी बोललं असेल.”

“कोण बोलणार? खण मी आत्ता उघडलाय. आणि ट्यूबचा विषय कुठून आला? मी काचांबद्दल विचारतेय.”

“बाई, तुमचं काम काप काढणं आहे. प्रश्न काढणं नाही.”

एकतीस वर्षांत मी सहा मोठे डॉक्टर बघितले. हा सातवा, आणि हुशारीत सगळ्यांच्या वरचा. वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या आईला नावानं ओळखतो. म्हणून मी अजून एक संधी दिली.

“माझ्या भाचीचे पाय सुजलेत. चेहरा सुजलाय. लघवीला फेस येतो.”

“जुने व्रण आहेत, त्यातून प्रथिनं गळतात. होतं असं. किडनी शांत आहे, जाळं सांगतंय तसं.”

“जाळं सांगतंय. आणि पाय काय सांगताहेत?”

ते उठले आणि त्यांनी मला दार उघडून दिलं. इतक्या अदबीनं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

बाहेर आले तर सिस्टर कपाट रिकामं करत होती.

३

सिस्टर आणि मी वीस वर्षं भांडतोय. तुकडा सुकत आला की मी ओरडते, मी ओरडले की ती दुप्पट ओरडते. आज ती गप्प होती. ते मला बघवेना.

“केलास का घोळ?” मी विचारलं.

“तू पण?” तिनं हातातली पिशवी आपटली. “अगं, पहिली बायोप्सी आणि दुसरी यांच्यात सहा महिने आहेत. सहा महिन्यांपूर्वी फ्रीजरमध्ये गेलेली ट्यूब आणि आजची ट्यूब मी बदलू कशी? तेही नेमक्या तीनच बायकांच्या? लेबलं छापून येतात, मी पेशंटसमोर चिकटवते, पेशंट वाचते, सही करते. तुझ्या भाचीनंसुद्धा केलीय. वर मला म्हणाली होती, तुमची सही त्रिकोणी आहे.”

“औषधातलं स्टिरॉइड कधी सुरू केलं?”

“सगळ्यांना एकाच नियमानं. पहिल्या बायोप्सीनंतर. दोन तास झोपवून ठेवायचं, मग पहिली गोळी, माझ्या हातानं. गिळेपर्यंत मी हलत नाही. आधी एक कण नाही. आणि दुसऱ्या बायोप्सीच्या दिवशी सगळ्या गोळीवर होत्या. सकाळी घेऊनच यायच्या.”

“लिहिलेलं आहे?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी प्रश्न मागे घेतला. मग पिशवीतून औषधांचे तक्ते काढले. निलंबित बाई घरी न्यायला काय घेते? स्वतःचा कप आणि पेशंटचे तक्ते! नियमात बसत नव्हतं ते, पण तिला मिठी मारायचंच तेवढं बाकी होतं.

कारण आमच्या लॅबमध्ये झाडूवालीलासुद्धा ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. स्टिरॉइड पोटात गेलं की काही तासांत पेशीतलं एक ठरावीक जनुक उठून बसतं. माणूस खोटं बोलेल, तक्ता खोटा असेल, ते जनुक खोटं बोलत नाही. म्हणजे ट्यूब औषधाआधीची की नंतरची, हे ट्यूब स्वतःच सांगणार.

“कप परत कपाटात ठेव,” मी म्हणाले. “कुठं जायचं नाही.”

पण आधी मला किडनी बघायची होती. काच चोरीला गेली म्हणून किडनी चोरीला जात नाही.

४

खणाच्या बरोबर खाली ब्लॉकचं कपाट आहे. त्याला कुलूप नाही. मी दार उघडलं. सत्तेचाळीसचा ब्लॉक जागच्या जागी. बाकी दोन रिकाम्या खाचांचे, एकोणीस आणि बावन्नचे, तेही तिथंच.

मी तिथंच उकिडवी बसले आणि विचार करत राहिले. इतकी जोखीम घेऊन काचा नेल्या आणि ब्लॉक सोडले? हे म्हणजे फोटो पळवायचा आणि माणूस सोडून द्यायचा. असा चोर कोण असेल, ते तिथं कपाटापुढेच माझ्या लक्षात आलं. पण ते नंतर.

तिन्ही ब्लॉक बर्फावर ठेवले, यंत्रात नवं पातं बसवलं, काप काढले. हाताला नातं कळत नाही, ही या कामातली मेहेरबानी. रंगवून होईपर्यंत दुपार झाली. मग मी सत्तेचाळीस मायक्रोस्कोपखाली सरकवली.

किडनीत रक्त गाळणाऱ्या गोल गाळण्या असतात. त्या कापात दहा दिसत होत्या. चार मेलेल्या, नुसते पांढरट गोळे. उरलेल्या सहांच्या कडेनं पेशींची कोर चढलेली, गाळणीचा गळा आवळत आणलेली. व्रण नव्हेत हे, व्रण जुने असतात. ही चालू मारामारी होती. शांत किडनी म्हणे! एकोणीसमध्ये तेच. बावन्नमध्ये बघवेना.

आणि इथं एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. हा काप मी आधीही काढला होता. त्या दिवशी एकच तुकडा आला होता, कुणाचा ते मला आतून कळलं होतं. एक कोपरा बघितला, रंग छान चढला होता, काच खणात ठेवली, घरी गेले. नियम! रंग बघितला आणि पोर बघितली नाही. त्या दिवशी ती काच जरा डावीकडे सरकवली असती तर दीड महिना वाचला असता. मोठ्या डॉक्टरांवर मी पुढे जे ओरडले, त्यातलं निम्मं स्वतःवर होतं.

तीन काचा ट्रेमध्ये घेतल्या आणि सिस्टरला हाक मारली. “चल. गणितीला यंत्राच्या खोलीत आणायचाय.”

“नाही आला तर?”

“उचलून आणू.”

५

तो आला. दारात सिस्टर उभी राहिली, त्यामुळे जाणं त्याला जमणार नव्हतं.

“यंत्रानं ट्यूबचा बारकोड वाचून ज्या कच्च्या फायली केल्या, त्या या कॉम्प्युटरवर आहेत,” मी म्हणाले. “त्यांना कुणी हात लावलेला नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“माझ्या भाचीची पहिली ट्यूब उघडा. स्टिरॉइडचं जनुक दाखवा.”

त्यानं बटणं दाबली. “झोपलेलं.”

“दुसरी ट्यूब.”

“जागं.” आवाज खोल गेला होता.

“सिस्टरच्या तक्त्याशी जुळतंय. म्हणजे ट्यूब बरोबर, लेबल बरोबर, यंत्र बरोबर. आता तुमचा तक्ता उघडा, ज्याच्यावरून जाळं विणलं आणि रिपोर्ट निघाले.”

तो हलला नाही. मीच माउस ओढला. तक्त्यात भाचीची पहिली ट्यूब दुसरीच्या जागी होती आणि दुसरी पहिलीच्या. आणखी दोघींची तीच कथा. आजारी किडनी आधीची ठरली होती, आणि सहा महिन्यांपूर्वीची, जरा बरी असलेली किडनी नंतरची. तिघी बिघडत गेल्या होत्या आणि कागदावर सुधारत.

“यंत्रातून निघाल्यावर आणि तक्त्यात बसायच्या आधी अदलाबदल झाली. मधे सिस्टर येत नाही. मी येत नाही. मधे तुम्ही.”

“मला काय…”

“थांबा. काचाही तुम्हीच नेल्यात. डॉक्टरांना ठाऊक आहे, सिस्टरलाही ठाऊक आहे, की एक काच गेली तर ब्लॉकमधून दहा काढता येतात. त्यांना लपवायचं असतं तर त्यांनी ब्लॉक नेले असते, कपाट उघडंच होतं. काच म्हणजेच किडनी असं समजणारा माणूस या मजल्यावर एकच आहे. ज्यानं किडनी जन्मात फक्त स्क्रीनवर ठिपक्यांत बघितलीय.”

त्यानं बॅगेतून रुमालात गुंडाळलेल्या तीन काचा काढून टेबलावर ठेवल्या. फोडल्या नव्हत्या. तेवढी लाज शिल्लक होती.

“मी फसवलं नाही हो,” तो म्हणाला. “मी दुरुस्त केलं. जाळ्यात सत्तावीस जणींचे बाण एका दिशेला जात होते, बरं होण्याच्या. या तिघींचे बरोबर उलटे. इतके उलटे की कुणालाही वाटेल, ट्यूब बदलल्यात. बदलतात हो ट्यूब, दर मोठ्या अभ्यासात एखाददुसरी बदलते. आम्ही शोधतो आणि सरळ करतो. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, औषध चालतंय हे दिसतंयच, मग या तिघींची लेबलं चुकलीत. सरळ करून घे.”

“आणि बाई खरंच बिघडत असेल, हे दोघांच्या डोक्यात आलं नाही?”

“ते… ते चित्रात बसत नव्हतं.”

“अरे, एक जनुक! एक जनुक बघितलं असतं तर कळलं असतं!”

तो खाली बघत म्हणाला, “स्टिरॉइडची जनुकं आम्ही जाळं विणायच्या आधीच गाळून टाकतो. औषधाचा गोंगाट नको म्हणून. माझ्या तक्त्यात ते जनुक नव्हतंच.”

एकमेव साक्षीदार, आणि त्याला गोंगाट म्हणून बाहेर घालवलेला.

सिस्टरनं विचारलं, “मग माझ्या नावानं पत्र का?”

“लेख छापायला पाठवलाय. छापणाऱ्यांनी विचारलं, तीन जोड्या का उलटवल्या, कारण द्या. सरांना कारण हवं होतं. तुमच्या नावानं पत्र निघतंय असं कळलं, तेव्हा मला राहवेना. मी सोमवारी कच्च्या फायली परत उघडल्या, ते जनुक बघितलं, तेव्हा कळलं, ट्यूब बरोबरच होत्या. सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, शुक्रवारी लेखाचं उत्तर जाऊ दे, मग बघू. पुढच्या आठवड्यात काचा बघायला बाहेरचे येणार होते. मी घाबरलो.”

“सोमवारी कळलं?”

“हो.”

“आज बुधवार आहे. तीन दिवस माझी पोर निम्म्या औषधावर आहे, आणि तुम्ही दोघं लेखाची वाट बघताय?”

मी त्याला मारलं नाही. सिस्टरनं माझा हात धरला होता म्हणून.

६

मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर मायक्रोस्कोप असतो, पाहुण्यांना दाखवायला. मी त्यांचे कागद बाजूला ढकलले आणि त्याखाली सत्तेचाळीस लावली.

“बघा.”

“बाई, ही काय पद्धत…”

“बघा म्हणते ना!”

त्यांनी डोळा लावला. हुशार माणूस, दोन सेकंद पुरले. मी काच बदलली. एकोणीस. मग बावन्न. बावन्नवर ते बराच वेळ वाकून राहिले. मान वर केली तेव्हा म्हणाले, “दोन दिवसांचा प्रश्न होता फक्त.”

“कुणाचा प्रश्न? तुमचा की किडनीचा? तुमच्या घरची मुलगी असती तर शुक्रवारपर्यंत थांबला असतात? सत्तावीस जणींना बरं वाटलं ते कमी पडलं तुम्हाला? तीसच्या तीस पाहिजे होत्या? या तिघी बिघडल्या हेच तर जाळं सांगत होतं! त्यांची गाठ वेगळी आहे, औषध वेगळं हवं, हे सांगायलाच तर तुम्ही ते विणलंत. त्यानं खरं सांगितलं आणि तुम्ही त्याचं थोबाड फिरवलंत!”

आमच्यामागून आलेला गणिती पुढे झाला. मघाशी त्यानं तक्ता मूळ ट्यूबप्रमाणे करून जाळं पुन्हा चालवलं होतं. तिघींच्या आजाराची गाठ एकाच ठिकाणी निघाली होती, रक्तातल्या प्रथिनांच्या दुसऱ्याच एका साखळीत. त्या साखळीवर चालणारं इंजेक्शन आमच्याच औषधभांडारात होतं, दुसऱ्या आजाराच्या पेशंटना आम्ही रोज देत होतो.

“फोन उचला,” मी डॉक्टरांना म्हणाले. “तिघींना. तुम्ही स्वतः, आमच्यासमोर.”

पहिला फोन भाचीला. डॉक्टर काय बोलले ते तिला धड कळलं नसावं, कारण तिनं विचारलं, “आत्या आहे का तिथं?” मी ओरडले, “आत्ताच्या आत्ता ये!” तर म्हणाली, “आत्या, अजून एक तास आहे गं माझा, प्रमेय अर्धं राहिलंय.” मी म्हटलं, प्रमेय खड्ड्यात गेलं, बापाला घेऊन निघ. सहा गाळण्या अजून झुंजत होत्या. दहातल्या सहांवर माणूस जगतो.

दुसरी कामावर होती. बाई शहाणी, एकही प्रश्न न विचारता निघते म्हणाली.

तिसरी बावन्न. बराच वेळ घंटी वाजत राहिली, मग तिच्या आईनं उचलला. फोन स्पीकरवर होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि म्हातारीचा आवाज एकदम फुलला.

“डॉक्टर! तुम्ही स्वतः फोन केलात! अहो, तुमचा रिपोर्ट मी उशाशी ठेवलाय तिच्या. घाबरली की वाचून दाखवते, बघ बाळा, किडनी शांत आहे लिहिलंय. परवापासून लघवी झाली नाहीये तिला, आणि सकाळपासून मला ओळखत नाहीये. पण मी तिला सांगतेय, रिपोर्ट चांगला आहे. चांगलाच आहे ना हो?”

डॉक्टरांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्यापुढे सरकवला.

“तुम्ही सांगा.”

सिस्टर तोवर दुसऱ्या फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता देत होती, तिला तीसही पेशंटचे पत्ते पाठ आहेत.

“आई,” डॉक्टर म्हणाले, “तो रिपोर्ट चुकीचा होता. चूक आमची आहे. गाडी निघालीय.”

म्हातारीनं विचारलं, “मग दीड महिना मी तिला काय वाचून दाखवत होते?”

सिस्टरनं डॉक्टरांपुढचा फोन ओढून घेतला आणि म्हातारीला मुलीला कुशीवर वळवायला सांगितलं.